लाल घोडीला शूळ उठला त्या दिवशी

मी मुळात माणसं दाबणारी. लोणावळ्यातल्या एका निसर्गोपचार केंद्रात चौदा वर्षं मी लोकांचे खांदे, माना, तळपाय आणि पाठी दाबल्या. ॲक्युप्रेशरचा कोर्स केला होता, पण खरं शिकले ते रोजच्या सरावातून. कुठं दाबलं की माणसाचा श्वास सुटतो, कुठं दाबलं की तो दात आवळतो, हे माझ्या अंगठ्यांना माझ्याआधी कळायचं. मळवलीहून रोज लोकलने जायचे, चारला परत यायचे. घोड्याच्या जवळही मी कधी गेले नव्हते.

मॅडम त्या केंद्रात मानेच्या दुखण्यासाठी आल्या होत्या. मुंबईच्या. मळवलीला आमच्या घरापासून वीस मिनिटांवर त्यांचं फार्महाउस होतं आणि तिथे पाच घोडे होते. दहा दिवस मी त्यांची मान दाबली. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, तुमचे हात इथे वाया जातायत. माझ्या घोड्यांसाठी याल?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच बेंगळुरूहून एका बाईंना बोलावलं. त्या घोड्यांवर ॲक्युप्रेशर करायच्या. दोन आठवडे राहिल्या आणि मला शिकवून गेल्या. कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं सोडून मानेपासून शेपटीपर्यंत जाणारी रेघ. कानामागची खाच. मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूचा, पोटासाठीचा बिंदू. खुराच्या वर जिथे केस संपतात ती कडा. घोडा आपल्यासारखं 'इथे दुखतं' म्हणत नाही, म्हणून त्याचं तोंड बघायचं. तो ओठ चाटायला लागला, खालचा ओठ सैल पडला, जांभई आली, मान खाली गेली, की समजायचं आपण बरोबर जागी आहोत. कातडी थरथरली किंवा कान मागे गेले तर हात काढायचा.

पहिल्याच दिवशी त्या बाईंनी मला वहीत एक गोष्ट लिहायला लावली होती. हे सगळं जनावराला आधार देण्यासाठी आहे, डॉक्टरच्या जागी नाही. घोडा लोळायला लागला, लीद बंद झाली, ताप आला, रक्त दिसलं, तर आधी डॉक्टरला फोन करायचा आणि मग हात लावायचा. मी ते लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण मला माहीत नव्हतं असं मला कधीही म्हणता येणार नाही.

पाच घोड्यांमधली एक घोडी लाल रंगाची होती. तपकिरी नव्हे, उन्हात तांब्यासारखी दिसणारी. ती तिथे आली ती चाचांबरोबर. चाचा कुरवंड्याचे. साठी ओलांडलेले, बारीक, पांढरी दाढी, गुडघ्यातून किंचित वाकलेले. आयुष्यभर त्यांनी लोणावळ्याच्या पॉइंटवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवलं होतं. त्यांचे गुडघे गेले आणि त्याच सुमाराला घोडीची पाठ गेली. तेव्हा त्यांनी ती मॅडमना दिली, पण एका अटीवर. घोडीची देखभाल तेच करणार. मॅडमनी अट मान्य केली, आणि चाचा पाचही घोड्यांचे झाले. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणायचो.

मी पहिल्यांदा लाल घोडीच्या पाठीवर अंगठा ठेवला, तेव्हा ती अशी दचकली की माझी पाठ भिंतीला जाऊन आदळली. चाचा अंग घासायचा खरारा हातात धरून बघत होते.

"ताई, गुदगुल्या करून काय हुतंय?" ते म्हणाले. "तिच्या पाठीवर बारा वर्सं खोगीर हुतं. तिला हात म्हंजी वजन वाटतंय."

"मग काय करू?"

"आधी नुसत्या उभ्या ऱ्हावा. तिला तुमचा वास कळू द्या."

तीन दिवस मी नुसती उभी राहिले. चौथ्या दिवशी तिने माझ्या खांद्यावर नाक टेकवलं. मग मी मानेपासून सुरुवात केली, अगदी हलक्या हाताने. खोगिराच्या जागी दोन्ही बाजूंना स्नायू दोरखंडासारखे कडक झाले होते. तिथे हात ठेवायलाच मला महिना लागला. एके दिवशी दुपारी माझा अंगठा तिथे होता आणि घोडीने तोंड उघडून लांबलचक जांभई दिली. मग दुसरी. मग तिसरी. डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबायला लागला. चाचा बादली खाली ठेवून समोर येऊन उभे राहिले.

"बारा वर्सांत तिला कदी जांभई देताना बगितलं न्हाई मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "आपन पन कुटं हात लावला म्हना तिच्या पाठीला. नुसतं बसवत गेलो मान्सं."

त्यानंतर आमचं जमलं. ते मला शिकवायचे, मी त्यांना. घोड्याचं पोट दुखत असेल तर त्यांच्या घोडेवाल्यांत कान मुळापासून टोकापर्यंत चोळायची पद्धत होती. मी बेंगळुरूच्या बाईंच्या तक्त्यात बघितलं, तर कानाच्या टोकाला खरंच बिंदू होता. चाचांना ते सांगितलं तर ते इतके खूश झाले की संध्याकाळी सगळ्या घोड्यांचे कान चोळत फिरले. वर्षभरात लाल घोडी मान खाली घालून चालायला लागली, वळताना पाठ वाकवायला लागली. चाचांना तर ती दुसरीच घोडी वाटायची. मला माझ्या हातांचा गर्व झाला. चौदा वर्षं माणसं दाबून झाला नव्हता तो एका घोडीने झाला.

मॅडमनी ते ओळखलं. शनिवार-रविवारी त्यांच्याकडे पाहुणे यायचे. ते घोड्यांजवळ बसायचे, डोळे मिटून श्वास घ्यायचे आणि मग मी लाल घोडीवर ॲक्युप्रेशर करून दाखवायचे. मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या. 'आमच्या थेरपिस्ट' अशी ओळख करून द्यायच्या. घरी माझी मुलगी ते व्हिडिओ तिच्या मैत्रिणींना पाठवायची. मीसुद्धा ते कितीदा बघितले असतील, सांगायला लाज वाटते.

हळूहळू मॅडम पाहुण्यांना सांगायला लागल्या की आमच्याकडे घोड्यांना औषधं देत नाहीत, सगळं नैसर्गिक. आधी हे नुसतं बोलणं होतं. मग पुण्याचे घोड्यांचे डॉक्टर दर काही महिन्यांनी यायचे ते यायचे बंद झाले. मॅडमनी मला विचारलं होतं, "ताई, तुम्ही आहात तर त्यांची खरंच गरज आहे का?" मी हसले होते. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. त्या हसण्याचा त्यांनी जो अर्थ घेतला, तो मला हवाच होता.

त्या पावसाळ्यानंतर चाचांनी मला गव्हाणीजवळ बोलावलं. लाल घोडीच्या तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे खाली पडले होते.

"दाढा वाडल्यात," चाचा म्हणाले. "टोकं आल्यात. तिला नीट चावता येत न्हाई. डॉक्टरला सांगून कानस मारून घ्याया पायजे. दर वर्साला करत हुतो आमी."

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यासाठी बेशुद्धीचं इंजेक्शन देतात. मला नाही आवडत. तुमच्याकडे जबड्याचे काही बिंदू नाहीत का?"

जबड्याचे बिंदू होते. मी रोज ते दाबायला लागले. घोडीला बरं वाटायचं, ती ओठ चाटायची. पण दाढेचं टोक दाबून झिजत नाही, हे कळायला कोर्स लागत नाही. ओले गोळे पडतच राहिले. चाचा ते रोज सकाळी झाडून काढायचे आणि माझ्याकडे बघायचे.

जानेवारीतली गोष्ट. चार दिवस कडाक्याची थंडी पडली होती. हौदातलं पाणी इतकं गार की घोडे तोंड लावून मागे घ्यायचे. त्या सकाळी मी नऊला पोचले, तर चाचा फाटकातच उभे होते.

"काल सांजच्यापास्नं लीद न्हाई," ते म्हणाले. "खाल्लं न्हाई. पोटाकडं वळून वळून बगतीय. ताई, शूळ उठलाय तिला. डॉक्टरला बोलवा."

मी आत गेले. घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मधूनच वरचा ओठ उलटा करायची, मान वळवून कुशीकडे बघायची. मी तिच्या पोटाला कान लावला. एरवी तिथे गडगड चाललेली असते. त्या दिवशी जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही.

मी मॅडमना फोन लावला. त्या मुंबईहून निघायच्या तयारीत होत्या. दुपारी आठ पाहुणे यायचे होते.

"डॉक्टर आला की नळ्या घालणार, सुया टोचणार," त्या म्हणाल्या. "आज पाहुण्यांसमोर हे नको व्हायला. ताई, तुमच्या हातात आहे ते. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही सांगाल तसं करू."

तुम्ही सांगाल तसं करू, असं त्या म्हणाल्या होत्या. मी 'बोलवा' म्हटलं असतं, तर डॉक्टर साडेअकरापर्यंत आले असते. वहीतल्या दोन रेघा मला त्या क्षणीही आठवत होत्या. पण इतके महिने त्या सगळ्यांना माझे हात दाखवत होत्या, आणि पहिल्यांदा हातांची खरी गरज पडली तेव्हा 'मला नाही जमणार' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हणाले, "बघते मी. होईल बरं."

चाचांनी ते ऐकलं. ते जवळ आले आणि म्हणाले, "ताई, मी दुसऱ्यांदा सांगतो. ह्ये दाबून सुटायचं न्हाई. तुमी दाबा, मी कान चोळतो, पन डॉक्टरला येऊ द्या."

"अर्धा तास बघू, चाचा."

मी मागच्या पायाचा बिंदू धरला, मग पोटाखालचा, मग कण्याच्या रेघेवरचे. चाचा कान चोळत होते. वीस मिनिटांनी घोडीने पाय उकरायचं थांबवलं. मान खाली गेली, ओठ चाटला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी मॅडमना मेसेज केला, 'शांत झाली.' त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खरं म्हणजे दुखणं थोडं ओसरलं होतं, अडलेलं काही सुटलं नव्हतं. लीद पडलीच नव्हती.

अर्ध्या तासाचा एक तास झाला, एकाचे तीन. ती पुन्हा उकरायला लागली, मी पुन्हा दाबलं. मधे चाचा तिला तोंडाला बांधलेल्या मोरखीला धरून अंगणात फिरवायचे. त्यांना स्वतःला नीट चालता येत नव्हतं, तरी फिरवत होते. साडेबाराला तिच्या मानेवर घाम आला. एक वाजता ती खाली बसली आणि पाठीवर लोळायला लागली. एवढं मोठं जनावर पाय वर करून भिंतीवर आदळत होतं. मी बाहेर पळाले. चाचा आतच होते, तिला उठवायचा प्रयत्न करत, तिच्याशी बोलत. तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. मॅडमना न विचारता. तेवढीच एक गोष्ट मी त्या दिवशी विचारल्याशिवाय केली, आणि तीही चार तास उशिरा.

डॉक्टर तीनच्या सुमारास पोचले. वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली, लांब हातमोजा घालून मागून आत हात घातला. बराच वेळ त्यांचा हात आत होता. मग त्यांनी तो काढला आणि चाचांना विचारलं, "दाढा कधी घासल्या होत्या?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं.

"चारा चावलाच गेलेला नाही. आतड्यात घट्ट गोळा झाला. सकाळी आलो असतो तर तेल-पाणी देऊन सुटला असता बहुतेक. आता पीळ पडलाय. हृदय बघा कसं चाललंय. तिला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही."

मॅडमना फोनवर विचारलं. त्या रडत होत्या, पण हो म्हणाल्या. घोडीचं कळल्यावर पाहुण्यांना त्यांनी परस्पर लोणावळ्याच्या एका हॉटेलात नेलं होतं. चाचांनी घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा चाचांचा हात तिच्या कानावर होता. बाहेर अजून ऊन होतं. मी माझे दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी होते, कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. माळी, स्वयंपाकाच्या मावशी, मी, चाचा. त्या म्हणाल्या की घोडीच्या चाऱ्यापाण्याकडे दुर्लक्ष झालं. थंडीत पाणी कोमट करून द्यायला हवं होतं, हे ज्याचं काम होतं त्याने केलं नाही. चाचा म्हणाले, "मॅडम, पानी मी रोज तापवून देत हुतो. ती पीत न्हवती. आनि डॉक्टरला बोलवा म्हनून मी सकाळच्यालाच सांगितलं हुतं. ताईंना इचारा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, सांगितलं होतं का यांनी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चाचा बघत नव्हते. त्यांना बघायची गरज वाटत नव्हती, मी काय सांगणार याची त्यांना खात्री होती.

मी म्हणाले, "गडबडीत होते मी. मला नीट आठवत नाही."

तेव्हा चाचांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं जनावर अचानक वेगळं वागलं की ते जसं बघायचे, तसं बघितलं. मग ते तबेल्यात गेले, आपला डबा आणि टॉवेल घेतला आणि फाटकातून निघून गेले. त्यांना जा म्हणून सांगायचीसुद्धा वेळ आली नाही.

मी पुढे तीन महिने तिथेच काम केलं. हे लिहिताना पेन जड होतं, पण केलं. मॅडमनी लाल घोडीच्या आठवणीत एक व्हिडिओ टाकला. त्यात तिची जांभई होती आणि तिच्या पाठीवर माझे हात होते. लोकांनी खाली हृदयं टाकली. बाकीचे चार घोडे मी रोज दाबत होते, पण त्यांच्यातला एकही माझ्या हाताखाली पूर्वीसारखा सैल पडत नव्हता. कदाचित ते माझ्याच मनाचं असेल.

एप्रिलमध्ये मी कुरवंड्याला गेले. चाचांचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. चाचा ओट्यावर बसले होते, उजवा खांदा धरून. त्या दिवशी घोडीला उठवताना खांद्यात काहीतरी भरलं होतं, अजून हात वर जात नव्हता. त्यांची बायको म्हणाली, "तुमी दाबता ना? बगा की जरा ह्यांचा खांदा."

मी उठले. चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

मी बसले. मग जे बोलायला आले होते ते बोलले. चुकले, घाबरले, काम जाईल असं वाटलं, जे जे माणूस अशा वेळी म्हणतो ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमी दाबलं त्याचं मला काय न्हाई," ते म्हणाले. "मी बी कान चोळतच हुतो. उशीर झाला, त्ये बी एकवेळ समजून घेतो. मान्साला वाटतं, आपल्या हातनं हुईल. पन मी सांगितलं हुतं ना? दोनदा?"

"हो."

"मग तुमाला आठवत न्हाई असं कसं म्हनलात?"

मी विचारलं, "मी मॅडमना जाऊन खरं सांगू?"

"तुमची मर्जी," ते म्हणाले. "मॅडमचं मला काय न्हाई. त्या मॅडमच हायेत."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. चाचांनी डॉक्टरला बोलवा म्हणून सांगितलं होतं. सकाळीच. दोनदा."

मॅडम कॉफी पीत होत्या. कप खाली न ठेवता म्हणाल्या, "मला माहीत आहे, ताई. त्यांनी मलाही फोन केला होता. तुमच्यानंतर लगेच. मी म्हटलं, ताई आहेत तिथे, त्या बघतायत."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर मला का विचारलंत?"

त्यांनी आता कप खाली ठेवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आता जुनं कशाला उकरायचं? तुमचा मोठेपणा की तुम्ही तेव्हा सांभाळून घेतलंत. मी विसरले नाहीये ते."

म्हणजे माझ्या खोट्याने कुणीही फसलं नव्हतं. मॅडमना खरं माहीत होतं. चाचांना तर माहीत होतंच, मॅडमना माहीत आहे हेसुद्धा माहीत होतं. फक्त एका माणसाला घालवायला कुणीतरी ते वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते मी म्हटलं. त्याच दिवशी मी काम सोडलं. सोडताना फार काही मोठं केल्यासारखंही वाटलं नाही.

आता मी पुन्हा केंद्रात माणसं दाबते. मॅडमच्या फार्महाउसवर पुण्याची एक मुलगी येते. तिने मला फोन करून माझी वही मागितली होती. मी दिली, आणि घडलं ते सगळं सांगितलं. दाढांचं, लिदीचं, वहीतल्या दोन रेघांचं. ती म्हणाली, "पण मॅडम तर म्हणाल्या, घोडी म्हातारी होती." ती अजून तिथे जाते. दाढा घासायला डॉक्टर येतात की नाही, मला माहीत नाही. मी तिला पुन्हा फोन करून विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात मळवली स्टेशनवर चाचा भेटले. बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी पिशवी उचलून जागा करून दिली. मुलीकडे घोरावाडीला निघाले होते. खांद्याचं विचारलं, तर म्हणाले बरा आहे. उजवा हात मात्र मांडीवरच होता. इथल्याच एका बंगल्यावर राखणीचं काम मिळालंय, असं म्हणाले.

"घोडे आहेत तिथे?" मी विचारलं.

"न्हाई. बरं हाय. आता जनावर नको."

मग गाडी आली. ते डाव्या हाताने दांडा धरून चढले. मी पुण्याच्याच बाजूला जाणार होते, पण त्या गाडीत चढले नाही. पुढच्या गाडीने गेले.